शेजारच्या गावचा रघुनाथ

मैत्रिणींनो, महर्षी कर्वे म्हटलं की आपल्या सगळ्यांचे हात आपोआप जोडले जातात. विधवांसाठी आश्रम काढणारे, हिंगण्याचे, महिला विद्यापीठाचे, शंभरी पार केलेले, भारतरत्न अण्णा. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असायचा. पण त्यांच्या थोरल्या मुलाविषयी तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे? रघुनाथ धोंडो कर्वे. आमच्या आईच्या पिढीत तर हे नाव चारचौघांत घ्यायची सोय नव्हती. आज मी त्यांच्याविषयीच लिहिणार आहे.

माझं माहेर हर्णे. बंदर, सुवर्णदुर्ग आणि मासळीचा लिलाव यांचं गाव. हर्ण्याहून दक्षिणेला निघालं, सालदुरे ओलांडलं की मुरुड येतं (आमचं दापोलीचं मुरुड बरं का, जंजिऱ्याचं नव्हे). माडाची बनं, सुपारीच्या बागा, पाटाचं पाणी आणि दुर्गादेवीचं देऊळ. याच मुरुडात १४ जानेवारी १८८२ रोजी रघुनाथचा जन्म झाला. म्हणजे माझ्यासाठी हा शेजारच्या गावचा माणूस. पण त्याची खरी ओळख मला गावात झाली नाही, वर्गात शिकवताना झाली.

मी पुष्कळ वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. हृदय, फुप्फुसं, जठर शिकवताना काही अडचण येत नाही. मुली भराभर आकृत्या काढतात. पण मूत्रसंस्था आणि जननसंस्थेचा धडा आला की वर्गाचा नूर बदलतो. माना खाली जातात, बाकाखाली एकमेकींना कोपरं लागतात, कुणीतरी ओढणीत तोंड लपवून हसतं. या मुली पुढे बायकांची बाळंतपणं करणार, त्यांना लघवीची नळी घालणार, आणि फळ्यावरच्या आकृतीतले शब्द मात्र त्यांच्या तोंडून फुटत नाहीत. मग मी खडू खाली ठेवते आणि त्यांना मुरुडच्या रघुनाथची गोष्ट सांगते.

रघुनाथच्या आईचं नाव राधाबाई. कोकणातल्या तेव्हाच्या रीतीप्रमाणे लहानपणीच लग्न झालेलं. अण्णा शिकवण्या करून मुंबईत संसार चालवत होते. १८९१ साली राधाबाई बाळंतपणात गेल्या. वय अवघं सत्तावीस. मुलगा नऊ वर्षांचा. त्या काळात बाळंतिणीचं मरण म्हणजे काही बातमी नव्हती हो, घरोघरी तेच. पण नऊ वर्षांच्या पोरासाठी ती आई होती.

त्यानंतर दोन वर्षांनी, १८९३ साली, अण्णांनी गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. याच पुढे सगळ्यांच्या बाया झाल्या. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुड गावानं अण्णांना वाळीत टाकलं. ज्या गावात आपण जन्मलो त्या गावात आपल्या बापाला कुणी पंगतीला घेत नाही, हे रघुनाथनं अकराव्या वर्षी पाहिलं. लोक काय म्हणतील ही भीती या माणसाच्या मनातून कायमची का गेली असावी, याचं उत्तर मला इथे सापडतं. हा आपला माझा तर्क, पण मला तो पटतो.

रघुनाथ बुद्धीनं तल्लख. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. गंमत बघा, त्याच वर्षी हर्ण्याच्या उत्तरेला, आंजर्ल्याजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. अण्णांचे ते जवळचे नातेवाईक, अण्णांच्याच घरी राहून शिकलेले. एका खाडीच्या दोन अंगांना दोन रघुनाथ आणि दोघंही गणिताचे! आपले रघुनाथ फर्ग्युसनमधून बी. ए. झाले, पुढे पॅरिसला जाऊन गणिताचा आणखी अभ्यास करून आले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. चांगला पगार, मानाची जागा. एखाद्यानं आयुष्यभर प्रमेयं सोडवली असती आणि सुखानं पेन्शन घेतली असती.

पण यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. भारतातलं पहिलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला तो याच वर्षी. म्हणजे जगातली सगळ्यात पुढारलेली राजधानी आणि आपला मुरुडचा मास्तर एकाच वेळी एकाच कामाला लागले होते. १९२३ साली संततिनियमनावर त्यांचं मराठी पुस्तक आलं. कॉलेजच्या मिशनरी चालकांना हे रुचलं नाही. प्राध्यापकानं असल्या विषयावर जाहीरपणे बोलावं, लिहावं हे चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. नोकरी किंवा हे काम, असा प्रश्न उभा राहिला, आणि रघुनाथरावांनी नोकरी सोडली.

आता इथे जरा थांबते, कारण आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. त्या काळी आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या, तांबी नव्हती. बाईच्या हातातली साधनं म्हणजे रबराची टोपी, स्पंज, जेली असली. टोपी नीट बसायची तर ती गर्भाशयाच्या तोंडावर बसली पाहिजे, आणि ती बसली की नाही हे त्या बाईला स्वतःच्या बोटानं कळलं पाहिजे. म्हणजे गर्भाशयाचं तोंड कुठे असतं, योनिमार्ग कोणत्या दिशेनं जातो, लघवीची वाट वेगळी आणि मुलाची वाट वेगळी, हे तिला ठाऊक हवं. संततिनियमन शिकवायचं तर आधी शरीर शिकवायला हवं होतं. आणि शरीर शिकवायचं तर शब्द उच्चारायला हवेत. शब्द उच्चारले की लोक अश्लील म्हणणार!

तुम्ही म्हणाल, ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. पण दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी बायांना, चार मुलं झालेल्यांनासुद्धा, लघवीचं छिद्र आणि योनी या दोन वेगळ्या जागा आहेत हे माहीत नसतं. त्यात त्यांचा काय दोष? सांगितलं कुणी? आपल्याकडे सगळ्याला मिळून एकच नाव, खालची जागा. आणि तक्रारींनाही आडून नावं. उन्हाळी लागली, अंगावरून पांढरं जातं, अंग बाहेर येतं. मी विद्यार्थिनींना सांगते, ही नावं तोंडपाठ करा, कारण बाई तुमच्याशी याच भाषेत बोलणार. अंग बाहेर येतं म्हणजे गर्भाशय खाली सरकला असावा, हे तुमच्या मनात लगेच उजेडलं पाहिजे. पण वहीत लिहिताना मात्र नेमका शब्द लिहा. दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. रघुनाथरावांनी दुसऱ्या भाषेसाठी, त्या नेमक्या शब्दांसाठी, कोर्टाची पायरी चढली.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र. शरीरात लाजण्यासारखं काही नाही, हे त्यांना पहिल्या पानापासून सांगायचं होतं. (मला विचाराल तर या चित्रांमुळे बायकांच्या हातात ते मासिक पडायचं राहिलं असेल. घरात ते आणणार कोण आणि ठेवणार कुठे?) आत मात्र कोरडी, शास्त्रीय, कधी तिरकस भाषा. गुप्तरोग कसे होतात, कसे टाळावेत, पाळी म्हणजे काय, लागोपाठच्या बाळंतपणांनी बाईचं काय होतं. आणि बाईलाही पुरुषाइतकीच इच्छा असते, सुखाचा हक्क असतो, हे त्यांनी तेव्हा लिहिलं. शारदा या बाईच्या नावानंही ते पत्रं लिहीत. वाचक आपल्या खासगी अडचणी विचारत आणि संपादक त्यांना उत्तरं देत.

या प्रश्नोत्तरांनीच घोटाळा केला. पहिला खटला १९३१ साली झाला, तो एका लेखावरून. दंड शंभर रुपये. दुसरा १९३४ साली, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. या वेळी रघुनाथरावांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं, माहीत आहे? बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच द्यायची नाहीत तर त्यांना ज्ञान मिळणार कसं? खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला. एवढ्या मोठ्या वकिलाच्या हरलेल्या खटल्यांत हा एक, पण आज वाचताना हार कुणाची झाली असा प्रश्न पडतो. नोकरी सोडलेल्या माणसाला दोनशे रुपये म्हणजे काय, याचा विचार करा. मासिक स्वतःच्या खिशातून चाललेलं, खप बेताचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी पुढच्या अंकाचं काम सुरू.

नर्सिंगच्या मुलींना मी सांगते, या माणसानं उत्तरं छापण्यासाठी दंड भरला. तुम्हाला नुसते प्रश्न विचारायचे आहेत. ते तरी नीट विचारा. घाईत, चार नातेवाइकांसमोर, वॉर्डाच्या मधोमध उभं राहून विचारू नका. पडदा ओढा. सासूला, नवऱ्याला बाहेर बसवा. काय तपासणार ते आधी सांगा, तिची परवानगी घ्या, जेवढं उघडायला हवं तेवढंच उघडा. मग विचारा, लघवीला किती वेळा जावं लागतं, रात्री उठावं लागतं का, जळजळ होते का, रंग कसा, रक्त दिसतं का. खोकताना, हसताना थेंब जातात का. हा प्रश्न विचारल्याशिवाय कुठलीही बाई आपणहून सांगत नाही. शेवटची पाळी कधी आली. पांढरं जातं त्याला वास आहे का, खाज आहे का. थंडी वाजून ताप आला का, आणि कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला दुखतं का.

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. मूत्रपिंडं पोटात पुढे नसतात, पाठीकडे असतात, शेवटच्या बरगडीच्या आसऱ्यानं. प्रत्येक मूत्रपिंड साधारण दहा ते बारा सेंटिमीटर, उजवं डाव्यापेक्षा किंचित खाली, कारण वर यकृत बसलेलं. बरगडी आणि मणक्याच्या कोनात हलकेच ठोकलं आणि बाई कळवळली, ताप असला, तर जंतू वरपर्यंत पोचले असावेत. मग तिला बार्लीचं पाणी देऊन घरी पाठवायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे अठरा ते वीस सेंटिमीटर, बाईचा जेमतेम चार. शिवाय गुदद्वार जवळ. म्हणून आपल्याला उन्हाळीचा त्रास जास्त. म्हणून धुताना, पुसताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. आणि लघवी तपासायला द्यायची तर पहिली धार सोडून मधली घ्यायची. एवढ्या साध्या गोष्टी आहेत, पण त्यासाठी कुठे काय आहे हे ठाऊक हवं.

आमच्या बंदरावर मासळी घ्यायला बसणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या. टोपली घेऊन घरातून निघाल्या की परतेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. का, तर मग जायला लागेल, आणि जायचं कुठे? माझी आजीसुद्धा लांबच्या लग्नाला निघाली की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. मूत्राशयात तीनशे-चारशे मिलिलिटर साठलं की शरीर हाक मारतं, ती हाक दाबायला आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. आजीची नऊ बाळंतपणं झाली होती. म्हातारपणी तिला दोन घड्या घालून कापड घ्यावं लागे, ती त्याविषयी कधी अवाक्षर बोलली नाही. तिच्या मृत्यूनंतर गाठोड्यातली ती धुतलेली कापडं पाहून आम्हाला कळलं.

बाळंतिणीच्या बाबतीत तर लघवीचा प्रश्न जिवावरचा असतो. बाळंतपणानंतर सहा तासांत बाईला लघवी झाली का, हे नर्सनं पाहिलंच पाहिजे. मूत्राशय भरून फुगलं की ते गर्भाशयाला वर आणि एका बाजूला ढकलतं. मग गर्भाशय आवळत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही. पोटावर हात ठेवला की कळतं. बेंबीच्या खाली घट्ट गोळा मधोमध लागला तर ठीक, एका बाजूला सरकलेला आणि मऊ लागला तर आधी लघवी करवा आणि लगेच हाक मारा. हे शिकवताना मला दर वेळी सत्तावीस वर्षांच्या राधाबाई आठवतात. त्यांचं नेमकं काय झालं त्याच्याशी याचा संबंध जोडत नाही मी, पण आठवतात खऱ्या.

रघुनाथरावांचं सगळंच मला पटतं असं नाही. ते देवधर्म मानत नसत, ते त्यांचं मत झालं. नग्न राहण्याच्या चळवळीचा त्यांनी पुरस्कार केला, ते मात्र माझ्या पचनी पडत नाही. रोग होऊ नये आणि मूल होऊ नये याची काळजी घेतली की बाकी कुणी कुणाशी कसं वागावं हा समाजाचा प्रश्नच नाही, असं ते म्हणत. इतकं सरळ गणित माणसांच्या संसारात चालत नाही, असं माझं मत. लिहिणंही असं, की समोरच्याला आधी टोचावं आणि मग समजवावं. गांधीजींच्या ब्रह्मचर्याच्या उपदेशावर त्यांनी सडकून टीका केली, तीही गांधीजींचा शब्द देश झेलत होता त्या दिवसांत. थोडं गोड बोलले असते तर चार लोक जास्त ऐकते का? कोण जाणे. गोड बोलणाऱ्यांनी हा विषय काढलाच नव्हता, हेही खरं.

मालतीबाईंविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. रघुनाथरावांच्या पत्नी. मूल होऊ द्यायचं नाही, हा या दोघांचा निर्णय होता. आपल्याकडे मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवात, बारशात, डोहाळजेवणात काय ऐकावं लागतं ते मी सांगायला नको. नवरा अश्लील मासिकाचा संपादक म्हणून बदनाम, नोकरी नाही, कोर्टाच्या खेपा, आणि लोकांच्या नजरा. त्याच्या नावावर निदान खटला तरी लागला, त्याची नोंद राहिली. तिनं जे सोसलं त्याची नोंद कुठल्या कोर्टात? अमोल पालेकरांनी २००१ साली 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला, त्यात किशोर कदम रघुनाथराव झाले आणि सीमा विश्वास मालतीबाई. मिळाला तर जरूर पाहा. पाहताना तिच्याकडे जास्त लक्ष द्या. २०१७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' याच नावाचं नाटकही आलं, अजित दळवींनी लिहिलेलं आणि अतुल पेठेंनी बसवलेलं. त्यात खटल्यांची गोष्ट आहे.

सव्वीस वर्षं ते मासिक निघालं. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारनं कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, सरकारी पातळीवर असं करणारा जगातला पहिला देश आपला. ज्या कामासाठी रघुनाथरावांची नोकरी गेली ते आता सरकारी काम झालं. पुढे भिंतीभिंतींवर लाल त्रिकोण रंगले, गावोगाव नर्सबाई घरी जाऊन विचारू लागल्या. पण हे पाहायला ते फार दिवस राहिले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले, एकाहत्तर वर्षांचे होऊन. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि मासिक थांबलं. मालतीबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या.

मुलगा गेला तेव्हा अण्णा पंच्याण्णव वर्षांचे होते. त्यांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. एकाच घरातले दोघे, दोघांनीही बायकांसाठी जन्म घालवला. बापाला गावानं वाळीत टाकलं आणि नंतर डोक्यावर घेतलं. मुलाच्या बाबतीत दुसरी पायरी यायला फारच उशीर झाला.

काम मात्र आमच्याच भागातल्या एका लेकीनं पुढे नेलं. मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतलाबाई. केंब्रिजला गणित शिकून आलेली, १९३८ पासून संततिनियमनाच्या कामात पडलेली. बाई असून ही बया पुरुषांसमोर गर्भनिरोधकांवर भाषणं द्यायची, खेडोपाडी बायकांना भेटायची. पुढे विधान परिषदेत गेल्या, राज्यसभेत गेल्या, १९९१ साली पद्मभूषण झाल्या आणि २००० साली वारल्या. चित्रपट काढणाऱ्या सई परांजपे त्यांच्याच कन्या. हे सांगितलं की माझ्या वर्गातल्या हर्णे-दापोलीकडच्या मुलींचे डोळे चमकतात. मुर्डी त्यांच्या ओळखीची असते, कुणाची तरी आत्या तिथे दिलेली असते. मग मी खडू उचलते आणि आकृतीतल्या पहिल्या भागावर बाण काढून सगळ्यांना त्याचं नाव मोठ्यानं म्हणायला लावते.